कोट एक, करडा

मास्तरांच्या दुकानात "फाटलंय" हा शब्द उच्चारायची चोरी होती.

गिऱ्हाईक पिशवीतून शर्ट काढायचं आणि म्हणायचं, "जरा फाटलंय, तेवढं रफू करून द्या." मास्तर कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवायचे, कापड दिव्याशी धरायचे आणि सुरू व्हायचे. "हे फाटलेलं नाही. हे उसवलंय. शिवण सुटलीय नुसती, कापड धडधाकट आहे. शिंप्याकडे न्या, माझ्याकडे कशाला आलात?" दुसऱ्याला म्हणायचे, "हे विरलंय. घासून घासून झिजलंय, याला फाटणं म्हणत नाहीत." तिसऱ्याला, "हे कुरतडलंय. आधी घरातल्या उंदराचा बंदोबस्त करा, मग या." अर्ध्या इंचाच्या कामासाठी माणसाला एवढं व्याकरण ऐकून घ्यावं लागायचं. त्यावरूनच त्यांना मास्तर हे नाव पडलं. नाहीतर त्या गृहस्थांनी चौथीच्या पुढे शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची सांदड. उभं राहिलं की टाळकं पायरीला लागायचं, म्हणून मास्तर दिवसभर बसूनच असायचे. वर कुणी चढलं-उतरलं की डोक्यावर भुरभुर धूळ पडायची. कोण जातंय ते त्यांना नुसत्या पावलांवरून कळायचं. एक खुर्ची, गिऱ्हाइकाला एक स्टूल, लवचीक मानेचा एक दिवा, सुयांचा डबा. संपला संसार.

रफूची एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. कापडाला भोक पडलं तर ते बुजवायला बाजारातला धागा चालत नाही, कितीही रंग जुळवा. धागा त्याच कपड्याचा लागतो. तळाची दुमड उलगडायची, आतल्या बाजूचे, उन्हाचं तोंड न पाहिलेले धागे एकेक करून ओढून काढायचे आणि ते भोकावर विणायचे. आधी उभे, मग आडवे, एकाखालून एकावरून. काम जमलं तर कपड्याच्या मालकालाही जागा सापडत नाही. मास्तरांना त्याचा भारी तोरा. कपडा परत देताना ते तो स्टुलावर पसरायचे आणि हाताची घडी घालून विचारायचे, "कुठं होतं सांगा?" गिऱ्हाईक उलटंपालटं करून थकायचं. सापडलं तर काम फुकट, असा त्यांचा करार होता. चाळीस वर्षांत दोनदाच फुकट काम करावं लागलं, आणि त्या दोन्ही वेळा दिवा बिघडला होता असं त्यांचं म्हणणं.

त्यांची बायको सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात मुकादम होती. मास्तर जेवढे किरकोळ तेवढी ती भक्कम, मास्तर जेवढे तुसडे तेवढी ती बोलघेवडी. हाताखाली अकरा बायका, आणि अकराही जणींना तिनं डागांची बाराखडी घोकून घेतलेली. औषधाचा डाग वेगळा, गंजाचा वेगळा. "रक्ताला गरम पाणी दाखवाल तर याद राखा," ती दम द्यायची. "गरम पाण्यानं रक्त कापडात घर करतं. गार पाणी, आणि धीर. दुसरं काही लागत नाही." नवराबायको घरी भांडायची तीही धंद्यावरून. ती म्हणायची, डाग काढणं हे खरं काम, भोक काय कुणीही बुजवेल. मास्तर तिला उत्तर द्यायचे नाहीत, कारण बोलण्यात ती त्यांना सात जन्मांत हार गेली नसती.

तिचा एक कोट होता. करडा, जाड लोकरीचा, बिनअस्तराचा. लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी घेतलेला. पहाटेच्या पाळीला जाताना हिवाळाभर तोच. टेबलावर टेकून टेकून त्याचं डावं कोपर विरलं होतं, आतून शर्टाचा रंग दिसायला लागला होता. ती दर दोन दिवसांनी म्हणायची, "अहो, कोपर." मास्तर म्हणायचे, "उद्या." असे तीन हिवाळे गेले. अख्ख्या गावाचे कपडे धड करणाऱ्याच्या बायकोचं कोपर उघडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसऱ्या हिवाळ्यात निवडणूक झाली आणि मतमोजणी दुसऱ्या दिवशी दुपारी मध्येच थांबली. पेट्या सरकारी गोदामात गेल्या, गोदामाला कुलूप लागलं. का, ते कुणी सांगेना. आठवडा गेला, दोन गेले. मग लोक गोदामासमोर जमायला लागले. त्यांचं मागणं एका शब्दाचं होतं, "मोजा!" धुलाईखान्यातल्या बायकांनी ठरवलं, रविवारी आपणही जायचं.

मास्तरांना ते पसंत नव्हतं. "सरकारी नोकरी आहे तुझी. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा सडलाय हो," ती कोटाची बटणं लावत म्हणाली. "तुम्हाला वास येत नाही का? तीस वर्षं लोकांचे डाग काढतेय. आज यांचे काढून येते."

"भलत्या पुढे जाऊ नकोस."

"मी कसली पुढे जातेय. माझे गुडघे मला मागेच ठेवतात." दारात जाऊन ती वळली आणि डावा हात वाकवून दाखवला. "कोपर."

"उद्या. उद्या नक्की."

"तुमचं उद्या मी मेल्यावर उजाडणार," ती म्हणाली, आणि हसत जिना उतरली. ती जिना उतरते तेव्हा कठडा हलतो, हे मास्तरांना तेव्हाही जाणवलं. तेवढंच. काही अशुभ वगैरे वाटलं नाही. पुढे लोकांनी खोदून खोदून विचारलं, तुम्हाला काही चाहूल लागली होती का? नव्हती लागली. त्यांनी दार लावलं आणि चहा ठेवला.

चार वाजता गोळीबार झाला. आधी धूर सोडला, लोक माघारी फिरून पळायला लागले, आणि मग झाडल्या. हा क्रम मास्तरांना बरोबर गेलेल्या, धुलाईखान्यातल्या इस्त्रीवालीनं सांगितला. पळताना मुकादमबाई तिच्या दोन पावलं मागे होत्या. वजन आणि गुडघे घेऊन एका बाईला जेवढं पळता येईल तेवढं त्या पळत होत्या. मग मागून पावलं ऐकू येईनात. त्या दिवशी सहा माणसं गेली. तिला तिच्याच इस्पितळात नेलं, आणि तिच्यावर घातलेली चादर तिच्याच खात्यात धुतलेली होती.

शेवटचं सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी इस्त्रीवाली पिशवी घेऊन घरी आली. वर इस्पितळाची पावती टाचलेली: चपला एक जोड, घड्याळ एक, कोट एक करडा. मास्तरांनी कोट बाहेर काढला. तो धुतलेला होता, इस्त्री केलेला होता, चौकोनी घडी घातलेला होता.

"तसाच कसा द्यायचा हो, मास्तर?" ती बाई म्हणाली. "ज्यांनी आम्हाला डाग काढायला शिकवलं, त्यांचाच कोट डागासकट द्यायचा? आम्ही सगळ्या जणींनी मिळून धुतला. गार पाण्यात, सात वेळा. डाग निघाला. भोक तेवढं राहिलं, त्याला आम्ही काय करणार." आणि ती तिथेच भिंतीला टेकून रडायला लागली.

भोक पाठीवर होतं. डाव्या खांद्याच्या चार बोटं खाली, मटाराच्या दाण्याएवढं. पुढच्या बाजूला काही नव्हतं. जे गेलं होतं ते आतच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान उघडून बसले आणि त्यांनी तो कोट मांडीवर घेतला. का घेतला, हे त्यांना विचारून उपयोग नाही. शेतकऱ्याला विचारा, सकाळी उठून शेताकडे का जातोस. हात दुसरं काही करायलाच तयार नव्हते. बैल गेला नि झोपा केला, हे त्यांना कळत होतं. त्यांनी ते स्वतःला मोठ्यानं म्हणूनही दाखवलं, आणि तरी तळाची दुमड उलगडली. तेरा धागे उभे, चौदा आडवे. एका दिवसाचं काम त्यांनी अकरा दिवस केलं. दोन धागे घालायचे, एक काढायचा. गिऱ्हाइकं यायची, स्टुलावर बसायची, मास्तर मान वर करत नाहीत हे पाहून निघून जायची. अकराव्या दिवशी शेवटचा धागा आत गेला. त्यांनी कोट स्टुलावर पसरला, सवयीनं हाताची घडी घातली, आणि समोर कुणी नव्हतं. तेव्हा ते रडले. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा, जिन्याखाली, वरून धूळ पडत असताना.

कोपर त्यांनी केलं नाही. ते करायला घेतलं की हात उचलायचेच नाहीत.

पुढच्या आठवड्यात सरकारी पत्रक निघालं. पोलिसांनी फक्त हवेत गोळ्या झाडल्या. मृत महिला गोदामाचं कुंपण ओलांडताना पडली, कुंपणाचा गज लागून तिचा कोट फाटला व जखम होऊन ती मरण पावली. इस्पितळाच्या दाखल्यावर लिहिलं होतं, "टोकदार वस्तूची जखम." तपासणीचा मूळ कागद मागितला तर तो सापडत नव्हता. ज्या डॉक्टरांनी तो लिहिला त्यांची बदली झाली होती. इस्त्रीवालीची पण झाली, दोनशे मैलांवर. जिला जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं तिनं म्हणे सहा फुटांचं कुंपण ओलांडलं. खोटं बोलावं, पण माणसाचे गुडघे बघून तरी बोलावं.

त्यांची लेक औषधांच्या दुकानात कामाला होती, लग्न होऊन दुसऱ्या शहरात. ती पत्रक घेऊन आली आणि तिनं बापाला पहिला प्रश्न विचारला, "बाबा, आईचा कोट आहे ना आपल्याकडे?"

"आहे."

"तो जीव गेला तरी कुणाला देऊ नका. आता तोच एक साक्षीदार आहे आपला. भोक पाठीला आहे, इस्त्रीवालीनं सांगितलंय मला. यापुढे त्यांच्या बापाचं काही चालणार नाही."

मास्तरांनी मान हलवली. तोंडाशी आलेला शब्द त्यांनी गिळला, आणि तो पुढे दोन वर्षं गिळतच राहिले. आज सांगू, उद्या सांगू. त्यांचं उद्या कसलं असतं ते आपल्याला माहीतच आहे.

दोन वर्षं त्या पोरीनं अर्ज केले. सरकारी काम, सहा महिने थांब, हे तिच्या बाबतीत चौपट खरं ठरलं. कधी खिडकी चुकली, कधी नमुना चुकला. नवऱ्यानं एकदा दबक्या आवाजात सुचवलं की आता पुरे, तर तिनं त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. शेवटी सरकार जरा नरमलं आणि एका निवृत्त न्यायाधीशांची चौकशी नेमली. सहाही मृत्यूंची सुनावणी होणार होती. प्रत्येक घराला एक दिवस. पुरावा काय तो त्याच दिवशी आणायचा.

आदल्या संध्याकाळी लेक आली. चहासुद्धा न घेता म्हणाली, "काढा कोट."

मास्तरांनी पेटी उघडून कोट तिच्या हातात दिला आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. तिनं तो खिडकीशी नेला, पाठ उजेडाकडे धरली. मग उलटा केला. मग पुन्हा सुलटा. रस्त्यावरून एक फेरीवाला ओरडत गेला तोवर ती तशीच उभी होती.

"बाबा, भोक कुठंय?"

"बुजवलं."

"काय केलंत?"

"रफू केलं. तेव्हाच. पत्रक यायच्या आधी." "मला काय माहीत गं, भोकाचा उपयोग असतो म्हणून. मला भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच येतं."

ती खाली बसली. कोट तिच्या मांडीवर होता. "डाग त्या बायकांनी धुतला," ती सावकाश म्हणाली. "भोक तुम्ही बुजवलंत. त्यांनी आईला मारलं, आणि मागचं सगळं तुम्ही लोकांनी प्रेमानं आवरून दिलंत. त्यांना हात घाण करायची गरजच ठेवली नाहीत." मग तिचा आवाज चढला. "दोन वर्षं मी खिडक्यांसमोर उभी होते, बाबा! तुम्ही मला एकदा सांगायचं तरी!"

मास्तर उठले, सुयांचा डबा घेऊन आले. "दे. आत्ता काढतो सगळे धागे."

"आणि उद्या ते म्हणतील घरी बसून भोक पाडलंत." तिनं कोट छातीशी ओढला. "इथे हात लावायचा नाही. काढायचं तर त्यांच्यासमोर काढा." त्यानंतर ती बापाशी बोलली नाही. सकाळी बसमध्येही दोघं पुढे-मागे बसली.

सुनावणी एका सरकारी कचेरीच्या लांबट खोलीत होती. एक खिडकी रंगानं चिकटून कायमची बंद, वर नळीचे दिवे, त्यातला एक फडफडणारा. टेबलामागे निवृत्त न्यायाधीश, कानात यंत्र. त्यांच्या शेजारी लिहून घेणारा कारकून. समोर सरकारी वकील. हा तरुण, टापटीप, आणि नाकानं कांदे सोलणारा. लेकीनं कोट टेबलावर ठेवला आणि सगळं खरं ते सांगितलं, बापानं रफू केलं त्यासकट. वकिलानं कोट उलटापालटा केला. कारकुनानं केला. कापडातले एक तज्ज्ञ आणले होते, त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"कोट तर ठणठणीत आहे," वकील म्हणाला. "फक्त कोपर तेवढं गेलंय. गंमतच आहे. रफूगराच्या बायकोचं कोपर उघडं, आणि जिथे काहीच झालेलं नाही तिथे म्हणे रफू! कोपर का नाही केलंत हो तुम्ही?"

"ते उद्यावर राहिलं," मास्तर म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं. वकिलानं कोट टेबलावर नीट पसरला आणि हाताची घडी घातली. "बरं. मग कुठं होतं सांगा."

मास्तरांनी चाळीस वर्षं विचारलेला प्रश्न त्यांना आज कुणीतरी विचारला होता. ते पुढे झाले. एका डोळ्यात मोतीबिंदू, वर तो फडफडता दिवा. त्यांनी बोटं फिरवली. खांद्याखाली चार बोटं, मग पाच, मग आडवी. लोकर सगळीकडे सारखी लागत होती. कपाळावर घाम आला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्यांनी केलं होतं, आणि ते त्यांचं त्यांनाच सापडत नव्हतं. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. लेकीनं मान खाली घातली.

मास्तर थांबले. टेबलावरच्या सपाट कोटाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "साहेब, असा नाही दिसणार. हा कुणाच्या तरी अंगात पाहिजे."

"म्हणजे?"

"रफू केलेली जागा बाकीच्या कापडापेक्षा आवळ असते. कापड ओढलं की बाकीचं ताणलं जातं, ती जात नाही." ते लेकीकडे वळले. कालपासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बाळ, घालतेस का?"

तिनं आईचा कोट घातला. तो तिला बरोबर बसला. मास्तरांना ते माहीत नव्हतं. ती केव्हा एवढी भरली ते त्यांनी पाहिलं नव्हतं. "हात पुढे घे. दोन्ही. एखाद्याला घट्ट मिठी मारतात तसे." तिनं हात आवळले. पाठीवर कापड ताणलं गेलं, आणि डाव्या खांद्याच्या चार बोटं खाली मटाराएवढा ठिपका जागचा हलला नाही. त्याच्या भोवती बारीक चुण्या पडल्या.

मास्तरांनी तिथे सुई टोचून ठेवली, वरच्यावर, लेकीला लागू नये अशी. न्यायाधीश खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि पोरीच्या पाठीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. "कोट काढा, ताई," ते शेवटी म्हणाले. "आणि तुम्ही तुमचं काम करा."

रफू घालायला अकरा दिवस लागले होते, काढायला पाऊण तास लागला. मास्तर सुईच्या टोकानं एकेक धागा उचलायचे, ओढायचे आणि समोरच्या कोऱ्या कागदावर ठेवायचे. आधी आडवे चौदा, मग उभे तेरा. चहा आला, तो कुणी घेतला नाही. शेवटचा धागा निघाला तेव्हा भोक होतं तसं होतं.

वकील शहाणा होता, तो लगेच दुसऱ्या बाजूला वळला. "ठीक. पाठीला आहे, मान्य. बाई कुंपणावरून उताणी पडली असेल, गज पाठीत गेला असेल. कोट फाटलाय हे आमच्या पत्रकातही आहेच की."

"फाटलेला नाही," मास्तर म्हणाले.

"अहो, आत्ता तुम्हीच..."

"हे फाटलेलं नाही!" मास्तरांचा आवाज एवढा चढला की लेक दचकली. जिन्याखाली दिवसातून दहा वेळा तो स्वर ऐकू यायचा, पण इथे त्याची कुणाला सवय नव्हती. "गज लागला, खिळा लागला, तार लागली की कापड फाटतं. चाळीस वर्षं तेच बघतोय मी. फाटलेल्यात धागा तुटतो, पण जात नाही. दोन्ही टोकं तिथंच लोंबत असतात. मी तीच धरून जुळवतो, मला दुसरीकडून धागा आणावा लागत नाही." त्यांनी कोटाची तळाची दुमड उलगडून पुढे केली. आतल्या बाजूला कापड एका पट्टीत जाळीसारखं विरळ झालं होतं. "हे मोजा. तेरा आणि चौदा. एवढे धागे मी इथून काढून तिथे नेले. का नेले? कारण तिथे नव्हते. भोक आहे हे. तिथले धागे तिथे नव्हतेच."

न्यायाधीशांनी कानातलं यंत्र नीट केलं. "मग ते गेले कुठे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. याचं उत्तर त्यांना त्या अकरा दिवसांत पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण ते त्यांनी कधी शब्दांत आणलं नव्हतं.

"गोळी जाताना कापड बरोबर नेते, साहेब," ते म्हणाले. "ते तिच्या आत गेले. तिच्याबरोबरच गेले."

वकिलानं आपले कागद एकावर एक नीट लावले, आणि नीट लावलेले पुन्हा लावले. न्यायाधीशांनी कारकुनाला हे शब्दशः घ्यायला सांगितलं. अहवाल यायला वर्षही लागेल, ते म्हणाले, आणि त्याचं पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही. हे शेवटचं त्यांनी कारकुनाला ऐकू येणार नाही असं म्हटलं.

कोट, सत्तावीस धागे आणि तो कागद मोहोरबंद करून ठेवायचे होते. कारकुनानं पावतीपुस्तक ओढलं आणि पुटपुटत लिहायला लागला, "कोट... एक... करडा... फाटका."

"फाटका खोडा," लेक म्हणाली.

कारकुनानं वर पाहिलं. बापलेक दोघंही टेबलाला टेकून उभी होती. त्यानं उसासा टाकला, शब्द खोडला आणि विचारलं, "काय लिहू मग?"

"पाठीत भोक," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. मास्तर अजून कोटाकडे बघत होते. "साहेब," ते अजिजीनं म्हणाले, "तेवढं कोपर करून देऊ का? सुई आहे माझ्याकडे. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आता हात लावता येणार नाही, आजोबा. पुरावा आहे तो. जसा आहे तसाच राहणार."

"कधीपर्यंत?"

"ते मी काय सांगू? कायमचाच समजा."

मास्तरांनी सुई परत ठेवून दिली. मग म्हणाले, "मग तेही लिहा. डावं कोपर विरलेलं."

"त्याचा चौकशीशी काय संबंध?"

"लिहा."

कारकुनानं लिहिलं, शिक्का मारला, पावती फाडून दिली. बाहेर कचेरीच्या पायऱ्यांवर ऊन होतं. लेकीनं पावती उघडून मोठ्यानं वाचली. कोट एक, करडा. पाठीत भोक. डावं कोपर विरलेलं. मग तिनं कालपासून न उच्चारलेला शब्द उच्चारला. "बाबा, कोपर कशाला लिहायला लावलंत? त्यांना काय करायचंय त्याचं?"

"भोक त्यांचं," मास्तर म्हणाले. "कोपर माझं."

तिनं पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली, त्यांचा हात धरला, आणि दोघं बसच्या थांब्याकडे चालायला लागली.